मुकादमभाई आणि न निघणारी नळी

मुकादमभाई अडकलेल्या वस्तूला हात लावण्याआधी तिची विचारपूस करीत. “काय गं बाय, कुणी दुखावलं तुला?” असं माझ्या प्रेशर कुकरच्या झाकणाला विचारताना मी स्वतः ऐकलंय. आणि झाकण निघालंही!

नव्वदच्या दशकात शारजात ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. मूळचे रत्नागिरीचे. दिवसभर औद्योगिक क्षेत्रातल्या गॅरेजात, संध्याकाळी घरच्या वर्कशॉपात. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन कॅनडात. दोन खोल्यांतली मोठी खोली त्यांनी वस्तू घट्ट पकडणाऱ्या वाइसला आणि पान्यांना दिली होती. स्वतः स्वयंपाकघराशेजारच्या खुराड्यात झोपत.

एका शुक्रवारी दुपारी पाहते तर भाई मांडीवर रायफल घेऊन तिच्याशी बोलतायत. मी तेव्हा चाळिशीची, म्हणजे अक्कल सोडून बाकी सगळं आलेलं. पासपोर्ट ब्लाऊजात खोचला आणि चार जिने उतरून पळाले. नवरा वर घोरत होता. त्याचा पासपोर्ट कपाटातच राहिला.

खाली घरमालक भेटले. त्यांना सगळे अरबाब म्हणत. “नो बुलेट, मॅडम!” ते हसत सुटले. बंदूक त्यांच्या वडिलांची. त्यांच्याकडे लग्नात पुरुष बंदुका फिरवत नाचतात. नातवानं सरावात ती हवेत उडवली आणि झेलायला विसरला. नळी वाकली. नवी आणली होती, पण जुन्या नळीचे आटे गंजून एकजीव झालेले. घरचं लग्न पुढच्या गुरुवारी, आणि बापाच्या बंदुकीवर ओरखडाही नको.

“जबरदस्ती नाय,” भाई म्हणाले आणि रोज तेलाचे दोन थेंब सोडू लागले. वाइसमध्ये ओरखडा न पडता नळी धरायला लाकडी ठोकळे केले, ते दबले. मग त्यांची नजर माझ्या शिसवी पोळपाटाकडे गेली.

“अहो, सासूबाईंची आठवण आहे ती!” मी डोळ्यांना पदर लावला आणि करवत त्यांच्या हातात दिली. पंधरा वर्षं डुगडुगत होता मेला.

मग रोज संध्याकाळी तिथं जत्रा. अरबाब खजूर घेऊन येत, मी चहा नेई, तिसऱ्या मजल्यावरचे पुणेकर इंजिनिअर फुकट सल्ला देत. “आई, जस्ट बाय अ न्यू गन,” माझा मुलगा म्हणाला. त्याला भाईंनी वर्कशॉपातून हाकललं.

सोमवारी मी चहा घेऊन जरा लवकर गेले. भाई एकटेच होते. त्यांनी पान्यावर हलकेच भार दिला. कट्! नळी फिरली. एकही ओरखडा नाही.

“निघाली!” मी ओरडले.

भाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानंच नळी पुन्हा आत फिरवली.

“अहो, हे काय?”

“लग्न गुरुवारी ना, भाभी? नवी बसवायला मला तासभर पुरे. बुधवारी काढू.” ते आधीच स्वच्छ असलेला वाइस पुसू लागले. “निघाली म्हटलं, तर उद्या कोण येणार इथं?”

तेवढ्यात अरबाब दारात. “हां मुकादम, खलास?”

भाई वाइस पुसतच राहिले.

“कुठलं खलास! बहुत टाइट है, अरबाब,” मी म्हटलं, “कल देखेंगे, इन्शाल्ला,” आणि आणखी एक कप आणायला घरी गेले.