वाकळ : नग तेरा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या एका वाडीत राहणाऱ्या झुंबरबाई गरीब नाहीत, ही गोष्ट २००२ सालच्या श्रावणात मी उघडकीस आणली. तोपर्यंत बाई जन्मभर स्वतःला गरीब समजत होत्या आणि शासनही भाबडेपणाने त्यांना पिवळ्या रेशनकार्डावर स्वस्तात तांदूळ देत होते.

मी शाळामास्तर. शिकवणे सोडून बाकी सगळी कामे मास्तरांना येतात, असा वरच्यांचा अनुभव असल्याने दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणाचे कागद माझ्याकडे आले. प्रश्न तेरा, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. ज्याला गुण कमी, तो गरीब. आमच्या वाडीत गरीब किती असावेत हा आकडा वरून आधीच ठरून आला होता : एक्केचाळीस घरे. सगळ्यांचे गुण खालून वर मांडायचे आणि एक्केचाळीस घरे झाली की रेघ मारायची. विज्ञान याहून सोपे असू शकत नाही.

झुंबरबाईंच्या दारात पोचलो तेव्हा पावसाने माझी छत्री उलटी केली होती.

"या की गुर्जी, भिजलायसा. चुलीम्होरं बसा," बाई म्हणाल्या.

मी बसलो आणि प्रश्न सुरू केले. जमीन नाही, शून्य. घर कुडाचे, शून्य. संडास नाही, शून्य. शिक्षण नाही, शून्य. इतके भोपळे माझ्या वर्गातसुद्धा कुणी एका दमात मिळवले नव्हते. जेवण दोन वेळा, त्यात एक वेळ पेज. इकडून तिकडून कसेबसे आठ गुण जमले.

"सरकारकडून कोणती मदत हवी? मजुरी, प्रशिक्षण, घर?"

"मला काय नको. हातपाय चालत्यात तवर कुणाम्होरं हात पसरणार न्हाय. तुमी आदी च्या घेवा."

मी चहा घेतला आणि 'मदतीची गरज नाही' यापुढे खूण केली. मानी माणसाला पूर्ण चार गुण होते.

राहिला कपड्यांचा प्रश्न. एक लुगडे अंगावर, दुसरे चुलीवरच्या दोरीवर वाळत. नग दोन, गुण एक. बेरीज तेरा. मी कागद मिटणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या वाकळेकडे लक्ष गेले. चांगली जाड, हातभर उंच घडी.

"हिच्यात किती कपडे आहेत?" मी विचारले.

बाईंचा चेहरा फुलला. आजवर ही चौकशी कुणी केली नव्हती. "अकरा! आदल्या साली कोल्लापूरच्या क्लबवाल्यांनी टेम्पू भरून कापडं वाटलीती. सुळसुळीत साड्या, झगं, कोट. आता ती साडी नेसून रोपलावणीला गेलं तर पायात येती. कोट घातला तर म्हसरं बुजत्यात. मग समदं शिवून टाकलं. हितल्या पावसात वाकळंबिगार माणूस ऱ्हातंय व्हय?"

परिपत्रकात कपडे मोजा असे होते. शिवलेले असतील तर काय, याबद्दल मौन होते. शंका असल्यास कार्यालयास विचारावे, म्हणून मी थांब्यावरच्या रुपया टाकायच्या फोनवरून विचारले.

"आत कापूस हाय?" तिकडून लिपिकाने विचारले.

"नाही. कपडेच आहेत."

"मग तुम्हीच म्हणताय की, कपडे!"

अकरा आणि दोन तेरा. दहाच्या वर कपडे असणाऱ्यास चार गुण. झुंबरबाई सोळावर पोचल्या. वाडीची रेघ पंधरावर पडली.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली, तेव्हा शेजारची संघप्रिया माझ्याकडे आली. ही अंगणवाडीची बाई, बी.ए. झालेली, त्यामुळे तिला प्रश्न पडतात.

"गुर्जी, वाकळ अंगात घालत्यात व्हय? पिवळं कार्ड गेलं तर ही म्हातारी खाणार काय?"

"हरकत घेता येते," मी नियम सांगितला. तिने अर्ज लिहिला. सुनावणीला वाकळ समक्ष हजर करावी, असे उत्तर आले.

एसटीतून उतरून झुंबरबाई ती डोक्यावर घेऊन कार्यालयात आल्या. साहेबांनी वाकळ टेबलावर ठेवून घेतली. माणूस न्यायी होता. ते म्हणाले, "एक आहे की अकरा, हे उसवल्याशिवाय कसं सांगणार? कुणावर अन्याय नको."

शिपायाने पाते काढले.

"हळू की रं बाबा," झुंबरबाई म्हणाल्या. "दोन म्हैनं बसून टाकं घातल्यात."

पंचनामा माझ्याकडे होता. माझे अक्षर चांगले आहे. एकेक नग निघत होता, मी लिहीत होतो. सातवा नग निघाला आणि माझा हात थांबला. बिस्किटी रंगाचा सफारी शर्ट, खिशावर निळ्या शाईचा डाग. तो माझा होता. मी वर्षभर शोधत होतो. माझ्या बायकोने, स्नेहलने, तो क्लबच्या टेम्पोत टाकला होता.

एवढेच बोलायचे होते : साहेब, हा शर्ट मी ओळखतो, तो घालण्याजोगा उरला नव्हता, म्हणून आमच्या घरातून गेला; बाकीचे नगही असेच कुणीतरी टाकलेले. बाईंचा तांदूळ वाचला असता. पण साहेबांनी विचारले असते, मग हे सर्वेक्षण करताना दिसले नाही का? मला लाज वाटली, हे इथे कबूल करतो. मी लिहिले, 'नग सात : पुरुषाचा शर्ट, सुस्थितीत.'

शेवटी नग तेरा भरले. साहेबांचा चेहरा गंभीर झाला.

"बाई, तुम्ही अकरा सांगितले होते. दोन नग दडवलेत."

झुंबरबाईंनी सगळ्यात आतले दोन तुकडे हातात घेतले. "ह्ये माझ्या मालकाचं धोतर. आनि ह्यो माझ्या लेकीचा परकर. दोगंबी गेली. ही न्हाय मी मोजत."

"मोजावे लागतात," साहेब म्हणाले. आवाज मऊ होता.

अर्ज फेटाळला. मात्र वरच्या अपिलासाठी पुरावा मूळ स्थितीत ठेवणे आवश्यक होते, आणि मूळ स्थिती काय होती हे फक्त अर्जदारालाच माहीत होते. म्हणून झुंबरबाईंनी दोन दिवस कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून वाकळ पुन्हा शिवली. धोतर आणि परकर सगळ्यात आत घातले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा टाका तोडला, घडी काखेत मारली आणि त्या एसटीकडे निघाल्या. शिपायाने ती काखेतून काढून घेतली आणि तिला चिठ्ठी चिकटवली.

"आज रातीला पांगरू काय?" बाईंनी विचारले. मग एकदम त्यांना सुचले. "आता माज्याकडं दोनच लुगडी हायत की! आता लिवा!"

"सर्वेक्षणाच्या तारखेची स्थिती धरतात," मी समजावले.

कार्तिकात पिवळे कार्ड जाऊन केशरी आले. झुंबरबाईंनी ते उलटसुलट करून पाहिले. "रंग ब्येस हाय. तांदूळ?" दुकानदाराने मान हलवली. वाकळ गेली त्या रात्री आणि पुढच्या सगळ्या रात्री बाई खताची पोती पांघरून निजल्या, असे संघप्रिया सांगते. पोती कपड्यांत मोजायची का, हे मी मुद्दाम विचारले नाही. तेवढी माणुसकी माझ्यात आहे.

पुढे अपिलाची मुदत संपली, वाकळ बेवारस ठरली आणि साहेबांनी ती क्लबच्या कोल्हापुरातल्या प्रदर्शनाला दिली. दसऱ्याच्या सजावटीसारख्या झेंडूच्या माळा, मध्ये वाकळ, खाली पाटी : 'दातृत्वातून समृद्धीकडे. येथील एका महिलेकडे आज पंधरा कपडे आहेत.' शेजारी आलेख होता. वाडीतल्या माणशी कपड्यांची रेषा वर चढत होती, गरिबीची खाली उतरत होती. लोक आलेखापुढे उभे राहून फोटो काढत होते.

स्नेहलला वाकळ फार आवडली. "किती अस्सल काम आहे हो! अशी माया आता कुठे मिळते?" असे म्हणत तिने घासाघीस करून ती घेतली. हल्ली ती आमच्या सोफ्यावर असते. पाहुणे हात फिरवून बघतात. उशाला घेतली की माझा शर्ट नेमका गालाखाली येतो, असे मला उगाच वाटते.

पुढच्या श्रावणात फेरतपासणीला मी पुन्हा झुंबरबाईंकडे गेलो. चुलीपुढे बसवले, पण चहा नव्हता. मी शेवटचा प्रश्न विचारला.

"कोणती मदत हवी?"

या खेपेला त्यांनी मदत मागितली. "माझी वाकळ द्या."

मी कागद नीट पाहिला. मजुरी होती, प्रशिक्षण होते, घर होते. वाकळ नव्हती. म्हणून पुन्हा 'मदतीची गरज नाही' यापुढे खूण केली.

क्लबचा टेम्पो यंदाही दिवाळीआधी तुमच्या गल्लीत येणार आहे. तुमचा गठ्ठा बांधून तयार असेलच, दिल्यावर बरे वाटते. फक्त आत किती नग आहेत, ते वर एका कागदावर लिहून ठेवा. कुणाच्या तरी नावावर ते आम्हाला चढवावे लागतात.