फौजी आबांची गाडी चुकते

आमच्या कुरुंद्यात हिंदी समजणारी एकच म्हैस होती आणि ती फौजी आबांची होती. रानातून परतताना आबा मागून "तेज चल!" म्हणाले की ती पाय उचलायची, आणि दारासमोर "थम!" म्हणाले की जागच्या जागी उभी राहायची. एकदा नवा गडी तिला थांबवायला "हो, हो" करत राहिला, तर ती सरळ मारुतीच्या देवळापर्यंत निघून गेली. आबांनी म्हशीला शब्दानं दुखावलं नाही. "तिची काय चूक?" म्हणाले. "हुकूमच चुकीचा व्हता."

आबांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, आणि तीही अशी की तिकडं आबा शिंकले की इकडं आमच्या फळीवरची भांडी वाजायची. हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते गावात आले तेव्हा पोरांनी त्यांना घेराव घातला. आबा, लढाईत गोळ्या चालवल्या का? आबा म्हणाले, "गाडी चालवली. बर्फात. गोळी चालवणाऱ्याला जेवण कोण नेऊन देतंय, तुझा मामा?" पोरं हिरमुसली. त्यानंतर आबांनी डोंगरातल्या रस्त्यांबद्दल आणि लंगरातल्या पुरीभाजीबद्दल पुष्कळ सांगितलं, लढाईबद्दल कधीच नाही.

एसटीत ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे आणि वसमत येईपर्यंत त्याला गाडी शिकवायचे. "बेटा, उतारावर गिअर काहून काढतो?" तो बिचारा पहिल्यांदा तापला होता. पुढं पुढं आबा दिसले नाहीत की तोच कंडक्टरला विचारायचा, "आज साहेब न्हाईत का?"

लग्नात तर आबांची वेगळीच धास्ती. पंगत बसली की ते एका टोकाला उभे राहून एक डोळा मिटायचे आणि ओरडायचे, "दाहिने सज!" पंगत सुतात आल्याशिवाय वरण पुढं सरकायचं नाही. एकदा नवऱ्या मुलाचे मामा, चांगले भारदस्त गृहस्थ, ओळीच्या बाहेर दिसले.

"पाहुणे, तुमी थोडे पुढं आलात."

"मी न्हाई आलो हो, पोट आलंय."

"मंग पोटाला मागं घ्या. फौजेत असं चालत न्हाई."

आणि मामांनी खरंच श्वास आत ओढून पहिला भात खाल्ला.

वेळेचं तर विचारूच नका. मुहूर्त गाठायचा म्हणून ते मांडव उभा राहायच्या आधीच जाऊन बसत आणि मग मांडववाल्यालाच खांब कुठं रोवायचे ते सांगत. उशिरा येणाऱ्या माणसाकडं ते असं बघायचे की त्यानं परत घरी जावं.

या माणसाला शेवटी एका पोरीनं वठणीवर आणलं. आबांची एकुलती एक लेक सुनीता नांदेडला दवाखान्यात नर्स. जावईही नोकरीवाले. त्यांची चिमी दीड वर्षाची झाली तेव्हा तिला सांभाळायला कोणी मिळेना, म्हणून ती आजोळी आली. काही दिवसांतच पलीकडून वेगळेच आवाज यायला लागले. झोळी हलवत आबा अंगाईच्या चालीवर "एक-दो-एक, एक-दो-एक" म्हणायचे आणि ती झोपायचीसुद्धा. काकूंना, म्हणजे आबांच्या बायकोला, ते चिमीच्या वेण्या घालू द्यायचे नाहीत. "तुझ्या दोन्ही वेण्या बराबर येत न्हाईत," म्हणायचे. चिमी बोलायला लागली आणि सत्ता बदलली. आबा अंगणातून चालले की ती मागून ओरडायची, "आबा, थम!" आणि आबा उचललेला पाय तसाच हवेत धरून उभे. एकदा पोस्टमन आला, त्यानं विचारलं, "आबा, काय झालं, कंबर धरली का?" आबा ओठ न हलवता म्हणाले, "हुकूम न्हाई आला अजून."

चिमीचं शाळेचं वय झालं. नांदेडला तिचं नाव घातलं आणि जूनमध्ये सुनीता तिला न्यायला आली. सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. बॅगा दारात आल्या, दहीसाखर हातावर ठेवून झाली, आणि चिमीचा एक सँडल सापडेना. मीही शोधायला गेलो. काकूंनी कणगीमागं पाहिलं, मी माळ्यावर चढलो, सुनीतानं अंथरुणं झटकली. आबाही शोधत होते. पण म्हशीच्या दावणीत आणि हळदीच्या पोत्यांत, म्हणजे जिथं तो असायचं काही कारणच नव्हतं तिथं.

"अनवाणीच नेते," सुनीता शेवटी म्हणाली.

"लेकराला अनवाणी? फौजेत…" आबा म्हणाले आणि का कोण जाणे, वाक्य तिथंच सोडलं.

तेवढ्यात नाक्यावर गाडीचा हॉर्न वाजला. गाडी थांबली, निघाली, गेली. उभ्या आयुष्यात आबांच्या घरातून कुणाची गाडी चुकलेली मी पाहिली नव्हती. मी त्यांच्याकडं पाहिलं. उकाड्यात त्यांनी कोट घातला होता, आणि कोटाचा उजवा खिसा चांगलाच फुगला होता.

सुनीतानंही ते त्याच वेळी पाहिलं. ती पुढं झाली, खिशात हात घातला आणि गुलाबी सँडल बाहेर काढला. आबा सावधानमध्ये उभे. मला वाटलं, आता ती चिडणार. ती त्या सँडलकडं बघत राहिली आणि हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"आबा, मीबी तुमचा बूट लपवला व्हता. आठवतंय? तुमची सुट्टी संपली व्हती तवा."

"चुलीमागं," आबा हळूच म्हणाले. "सापडला मला."

सुनीतानं फोन लावला आणि दवाखान्यातून सोमवारपर्यंत रजा वाढवून मागितली. ती बोलत होती तोवर आबा तसेच सावधानमध्ये उभे होते. मिळाली म्हटल्यावर ते ओट्यावर बसले. चिमी त्यांच्या मांडीवर चढली. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"सुनी, तवा मी गेल्यावर… तू लई वेळ रडत व्हतीस का गं?"

"न्हाई हो आबा," सुनीता लगेच म्हणाली. "आईनं गुळाचा खडा दिला, न् मी गेले खेळायला."

मी शेजारीच उभा होतो. मी आणि सुनी एका वयाचे. त्या दिवशी ती आमच्या ओट्यावर बसून दिवेलागणीपर्यंत रडली होती, आवाज बसला तरी रस्त्याकडं तोंड करून बसली होती, आणि तिचा गूळ मुंग्यांनी खाल्ला होता.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "व्हय का रे विन्या?"

"व्हय आबा," मी म्हणालो. "आमी गोट्या खेळलो."

"बराबर," आबा म्हणाले. "लेकरं लवकर विसरतात." आणि त्यांनी चिमीचा तो सँडल तिच्या पायात घालून बंद लावून दिला.