हमामातील चौथ्या पाळीची हकीकत

श्रीचुलीतला विस्तव प्रसन्न असो, रानाचा धनी शांत असो, आणि लिहिणाराचे बोट न गोठो. धूम्रशके सात, हिमनाम संवत्सरे, बर्फ पडू लागल्याचा अकरावा दिवस, ते दिवशी कारभारी वुकोजी यांजवर जो प्रसंग गुदरला त्याची हकीकत ऐसी जे, काळ्या अरण्याचे पोटात एक राज्य वसले होते, आणि त्याचे स्वामी आभाळापलीकडे असत. त्यांचे मुखदर्शन कोणास जाहले नाही, परंतु बोट सर्वांनी पाहिले. ते बोट आभाळातून उतरे आणि जेथे टेके तेथे कोठार म्हणा, गोठा म्हणा, जे स्वामींचे मनी असेल ते बांधावयाचे, आणि मग रयतेने लाकडे वाहावी. स्वामी भोजनास उठले म्हणजे राज्यातील काळ जागचे जागी थांबे, वर गेलेली कुऱ्हाड वरच राही, आणि स्वामी ढेकर देऊन परतले म्हणजे खाली येई. राज्य मांडण्याची स्वामींची ही तिसरी खेप. पहिले राज्य लांडग्यांनी खाल्ले. दुसऱ्यास स्वामी भोवताली कुंपण घालून वेस ठेवणे विसरले. त्याचा अधिक तपशील लिहावयास कोणी उरले नाही.

या राज्याचे कारभारी वुकोजी. अंगाने काटकुळे, आज्ञेस बहुत पक्के, आणि काही रिकामे दिसले की त्यांचे पोटात दुखे. रांजण रिकामा नको, माणूस रिकामा नको, गाढव रिकामे नको. मागले दोन हिवाळे त्यांनी ऐसी ओढाताण करून राज्य जगविले, त्यात त्यांची स्वतःची बायको थंडीने गेली, आणि त्या दोन हिवाळ्यांत राज्यात जन्मले मूल एकही जगले नाही. आता त्यांची एकुलती एक कन्या मिलूबाई यांस नववा महिना सरत आला होता, आणि वुकोजी दिवसा लाकडांचे बोलत, परंतु मनात दुसरे काही नसे.

राज्यात उबेची जागा म्हणावी ती एकच, हमाम. ओंडक्यांचे घर, आत तापलेले दगड, दगडांवर पाणी मारावे, वाफ उठावी आणि लोकांनी भूर्जाच्या डहाळ्यांनी अंग झोडून घ्यावे. बाळंतीणही तेथेच उतरे. हमामाच्या धनीण दोब्राबाई, सुईणही त्याच; अंगाने भक्कम आणि तोंडाने त्याहून भक्कम. रोज पाळ्या चार चालत. पहिली पुरुषांची, दुसरी बायकांची, तिसरी म्हाताऱ्याकोताऱ्यांची, आणि चौथी कोणाचीच नव्हे. चौथ्या पाळीस घंगाळ भरून ठेवावे, डहाळ्यांची एक जुडी ठेवावी आणि बाहेर यावे, कारण ती पाळी हमामाचा राखणदार जो दगडांमागे राहणारा न्हाणीबाबा, त्याची. मग बर्फाचे सातवे दिवशी दलदलीपलीकडून बारा माणसे आश्रयास आली, अंगभर चिखल आणि केसांत उवा, आणि त्याच समयी स्वामींचे बोट हमामावर टेकले व लाल चमकले, म्हणजे येथे जागा फुकट जाते. वुकोजींनी तत्काळ चौथी पाळी त्या बारांस लावून दिली. दोब्राबाई बोलल्या की, "कारभारी, जी पाळी माझी नाही ती मी कुणाला कशी देऊ?" वुकोजी बोलले की, "बाई, लाकूड जळतं, दगड तापतात, आणि आंघोळीला एक म्हातारा. तो काय हत्ती आहे, त्याला अख्खा हमाम लागायला?" बाईंनी पदर खोचला, आणि ज्यांस बाई ठाऊक त्यांस त्याचा अर्थ कळला.

दुसरे दिवसापासून हमाम बिघडला. दगड तापत ना. घंगाळातील कढत पाण्यावर साय धरावी तसे बर्फ धरू लागले. नवागतांपैकी एकाची विजार छपराचे टोकावर सापडली, ती अद्याप तेथेच आहे. आणि नववे दिवशी दार आतून मिटले ते मिटलेच. वुकोजींनी कुऱ्हाडी लावून पाहिल्या, तो दांडे मोडले आणि दारावर ओरखडा उठला नाही. ऐसे चालले असता अकरावे दिवशी दोन प्रहरी मिलूबाईंस कळा सुरू जाहल्या. घरात ऐसी थंडी की लोट्यातले पाणी गोठावे. तेथे ओले मूल तासभर टिकते ना. दोब्राबाई मिलूबाईंस आधार देऊन हमामापाशी घेऊन आल्या आणि वुकोजींस बोलल्या की, "आता अंगरखा काढा. उघडी पाठ दाराला लावायची आणि न्हाणीबाबाला विचारायचं. केसाळ मऊ हात फिरला तर तो राजी. नखं फिरली तर पोरीची आशा सोडा." वुकोजींनी सर्व रयतेसमक्ष अंगरखा उतरविला, बंडी उतरविली, आणि मुळ्यासारखी पांढरी पाठ दारास लाविली.

दार तळहाताइतके उघडले आणि आतून आवाज आला की, "वुका, तू होय." वुकोजी बोलले की, "आजोबा, चूक माझी. पाळी आजपासून आपली." न्हाणीबाबा बोलला की, "पाळीचं काय घेऊन बसलास? एरवी तुझी बारा माणसं येवोत का वीस, मी कोपऱ्यात बसलो असतो. पण त्या दिवशी माझ्याकडे पाहुणे होते. रानाचा धनी रानोबा आणि डोहाचा धनी डोहपाटील, वर्षातनं एकदा येतात बिचारे. दार उघडलं तर आत बारा उघडी माणसं. डोहपाटील तसाच ओल्या दाढीनं माघारी गेला. चौघांत माझी शोभा झाली रे." हे ऐकून वुकोजी मनापासून खजील जाहले, कारण दारचा पाहुणा आंघोळीवाचून माघारी जाणे म्हणजे काय, हे घर केलेल्या माणसास सांगावे लागत नाही. म्हातारा पुढे बोलला की, "आज त्यांना हातापाया पडून परत बोलावलंय. येतीलच. आणि तू बाळंतीण घेऊन आलास. पुन्हा त्यांना काय तोंड दाखवू?" तेव्हां वुकोजी बोलले की, "तोंड मी दाखवतो. पोरीला आत घ्या. पाहुण्यांना मी बाहेर बसवतो, हवं नको बघतो." म्हातारा बोलला की, "मग पाठ इथनं हलवायची नाही, अंगावर चिंधी घ्यायची नाही. पाहुणे राजीखुशी राहिले तर हात. उठून गेले तर नखं." आणि दार उघडले, आतून कढत वाफ आली, दोघी आत गेल्या, आणि फट तेवढी उरली.

मग पाहुणे आले. रानोबा देवदाराएवढे उंच, डावा जोडा उजव्या पायात, दाढीत खारी. डोहपाटील हिरवे, बुटके, चालता चालता दाढीचे बर्फ कडाकडा मोडत. वुकोजींनी पाठ न हलविता मुजरा केला, ओंडके मांडविले, आणि त्या बारा नवागतांनी मधाचे गरम पाणी आणून पुढे ठेविले. रानोबा रागे भरून बोलले की, "पुन्हा बाहेर? ही कुठली रीत?" वुकोजींचे दात वाजत होते, तरी बोलले की, "महाराज, आत माझी लेक अडली आहे." डोहपाटलांनी पेला खाली ठेविला आणि पुसिले की, "पहिलटकरीण काय?" "होय." "मग वेळ लागायचाच. बस रे, रान्या." आणि दोघे बसले, आणि बसल्यावर जगातील सर्व वडीलधाऱ्यांप्रमाणे त्यांस सल्ला सुचू लागला, डोहपाटील म्हणत पाणी पाजा, रानोबा म्हणत साल उगाळून द्या, आणि वुकोजी दोहोंस होय म्हणत निळे पडत चालले. इतक्यात आभाळातून बोट उतरले. कारभारी कामावाचून उभा ऐसे स्वामींस दिसले, आणि बोट त्यांचे मस्तकी तीन वेळ टेकले, म्हणजे चल, लाकडे वाहा. वुकोजींनी सात वर्षांत आज्ञा मोडली नव्हती. त्यांनी वर पाहिले, मान हलविली, आणि जागचे हलले नाहीत. बोट काही वेळ तसेच अधांतरी राहिले आणि मग गाईंकडे गेले.

दिवस कलता मिलूबाईंचा आकांत एकाएकी थांबला. मुलाचे रडणे येईना. रानोबांच्या दाढीतील खारी स्थिर जाहल्या. वुकोजींनी डोळे मिटले आणि मनी म्हणाले की, आता नखे. तो पाठीवर काही टेकले. हात होता, परंतु त्यास केस नव्हते. ओला होता, गरम होता, आणि अवघा बोराएवढा. मग त्याच हाताने त्यांची कातडी चिमटीत धरली, आणि कानापाशी ऐसे रडणे उठले की छपरावरचे बर्फ घसरले. आतून म्हातारा बोलला की, "वुका, मीच हात ठेवणार होतो. पण ही पुढं झाली." वुकोजी उघड्या अंगाने बर्फात बसून लहान मुलासारखे रडले, आणि डोहपाटलांनी आपली ओली घोंगडी त्यांचे अंगावर घातली, तेणेकरून थंडी दुप्पट जाहली, परंतु वुकोजींनी ती घट्ट ओढून घेतली.

सारांश, मिलूबाई सुखरूप राहिल्या, पाहुणे अंमळ उशिरा का होईना यथास्थित न्हाले, कारभाऱ्यांस पंधरा दिवस खोकला पुरला. त्या हिवाळ्यात राज्यात एक मूल जन्मले आणि ते जगले. याहून मोठे लिहावे ऐसे त्या साली काही घडले नाही.