भोंग्याची फाईल

एका जंगलात एक कॉम्प्युटर होता. का होता, असं विचारू नका मुलांनो. शेजारच्या जंगलात होता, म्हणून याही जंगलात होता.

या कॉम्प्युटरची एक रीत होती. त्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या नावाची एक फाईल आत असायची. फाईल कसली, यंत्राचं दारच ते. प्रिंटरच्या फाईलमध्ये मजकूर टाकला की प्रिंटर छापायचा. भोंग्याच्या फाईलमध्ये 'वाज' असं लिहिलं की ऐनाच्या झाडावर बांधलेला भोंगा कोकलायला लागायचा. आता दार काही निरोप स्वतःजवळ ठेवून घेत नाही, आत सोडून देतं. म्हणून या फाईली कायम रिकाम्याच दिसायच्या.

भोंगा होता नदीकाठच्या प्राण्यांसाठी. नदीवर धरण होतं. त्याचे दरवाजे उघडले की भोंगा वाजायचा आणि काठावरची सगळी जनता टेकडी गाठायची. टिटवीची तर सगळी भिस्त त्याच्यावर. ती बिचारी उघड्या वाळूत अंडी घालते, आणि नुकतीच तिची पिल्लं बाहेर आली होती. टेकडीवर मुंगसांची वस्ती, त्यामुळे पिल्लांना आधीच तिकडे नेऊन ठेवायची सोय नव्हती. पिल्लांना चालता येत होतं, पण पिल्लांसारखंच. भोंगा वेळेवर वाजला तर ती टेकडीपर्यंत पोचणार होती. नाही वाजला, तर नाही.

कॉम्प्युटरचा कारभार उदराव नावाच्या उदमांजराकडे होता. एके दिवशी वाघमहाराजांचं फर्मान सुटलं. "आम्ही पाहणीला येतोय. कॉम्प्युटर स्वच्छ करा."

उदरावांनी सगळ्या फाईली आकारानुसार लावल्या. बघतात तर काहींच्या पोटात काहीच नाही!

"शून्य? खायला काळ आणि भुईला भार!" असं म्हणून त्यांनी त्या सगळ्या पुसून टाकल्या.

त्याच संध्याकाळी प्रिंटर बंद पडला. महाराजांच्या वाढदिवसाची पत्रकं अडकली. मग काय, एकच धावपळ उडाली आणि प्रिंटरची फाईल पुन्हा रीतसर तयार करून घेतली गेली. भोंग्याची आठवण मात्र कुणालाच झाली नाही. वाढदिवसात त्याचं काही काम नव्हतं.

दर आठवड्याला दुपारी भोंग्याची चाचणी व्हायची. उदरावांनी नेहमीप्रमाणे 'वाज' लिहिलं. त्या नावाची फाईल आता होती कुठे? पण कॉम्प्युटर भिडस्त. तो नाही म्हणाला नाही. त्याने त्याच नावाची एक नवी, साधी फाईल उघडली आणि 'वाज' हा शब्द तिच्यात जपून ठेवला. भिंतीवर दाराचं चित्र काढावं, तसा प्रकार झाला. कॉम्प्युटर कुरकुरला नाही. भोंगा वाजला नाही.

चाचणीच्या दिवशी वाघमहाराजांची दुपारची झोप पहिल्यांदाच सलग झाली.

"उदराव, भोंगा फारच सुधारला हो!"

"आपली कृपा, महाराज."

टिटवी मात्र धास्तावली. ती उडत उडत कचेरीत आली.

"साहेब, भोंगा वाजतच नाहीये."

"वाजतो की. हे बघ, लिहिलंय. वाज, वाज, वाज. आधी ही फाईल उपाशी असायची. आता कसं बाळसं धरलंय तिने!"

"पण ऐकू येत नाही ना!"

"ऐकू येणं माझ्या खात्यात बसत नाही."

"एकदा झाडावर चढून तर बघा. माझी पिल्लं लहान आहेत हो."

"अगं बाई, झाडावर चढायचं असतं तर कॉम्प्युटर कशाला घेतला असता? तक्रार असेल तर लेखी दे."

तक्रारींसाठी एक वेगळी फाईल होती. तिला तळच नव्हता. जे टाकाल ते गडप. ती कधी भरायची नाही आणि कधी उत्तरही द्यायची नाही. साऱ्या कारभारात तेवढी एकच गोष्ट चोख चालत होती.

आणि एका दुपारी धरणाचे दरवाजे उघडले.

उदरावांना निरोप मिळाला. त्यांनी लगेच 'वाज' लिहिलं. पुन्हा लिहिलं. बोटं दुखेपर्यंत लिहिलं. कुणी त्यांना कामचुकार म्हणू नये.

इकडे टिटवीला गढूळ पाणी चढताना दिसलं. ती जिवाच्या आकांताने ओरडत सुटली. "पळा! पाणी आलं, पळा!"

रानडुकराने जाळीतून तोंड बाहेर काढलं. "भोंगा झालाय का? नाही ना? मग उगाच कशाला कोकलतेस?" मग तो बायकोला म्हणाला, "भरदुपारी टिटवी ओरडतेय, लक्षण काही बरं नाही. पोरांना आत घे गं."

सगळ्यांनीच पोरांना आत घेतलं. टिटवी पिल्लांना चोचीने ढकलत टेकडीकडे निघाली. एक पिल्लू चढलं. बाकीची दिसेनाशी झाली. तिला काय वाटलं असेल ते मला सांगवत नाही, मुलांनो, आणि तुम्ही विचारूही नका.

महाराजांनी चौकशी बसवली. उदरावांनी भोंग्याची फाईल उघडून दाखवली. त्या दुपारच्या 'वाज'नी ती टम्म फुगली होती. निकाल लागला: भोंगा वाजला होता. पण टिटवी विनापरवाना ओरडत होती, त्यामुळे तो कुणाला ऐकू गेला नाही.

मग टिटवीच्याही नावाची एक फाईल काढण्यात आली. वाचायची मुभा सर्वांना, लिहायची फक्त उदरावांना. त्यांनी 'ओरड' लिहिलं, तरच टिटवीने ओरडायचं.

उरलेल्या पिल्लाला चालवत चालवत टिटवी जंगलाबाहेर निघून गेली.

तिची फाईल मात्र अजून जागेवर आहे. परवाच्या पाहणीत उदरावांनी महाराजांना छातीठोकपणे सांगितलं, की भोंगा आणि टिटवी, दोन्ही यंत्रणा सज्ज आहेत.

तात्पर्य: इशारा नेहमी असा द्यावा, की ज्याने कुणाची झोप मोडणार नाही. आणि मुलांनो, पोहायला शिका.