तात्यांची दहा मिनिटं

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी महादू तात्यांना नमस्कार केला, तर त्यांनी खिशातून एक वही आणि पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "लेखी द्या, म्याडम." मला वाटलं, हजेरीचं काही असेल. मी "नमस्कार" एवढंच लिहून दिलं. तात्यांनी ते नीट वाचलं, खाली "पोचला. ९ वाजून ५ मिनिटं" असा शेरा मारला, सही केली आणि मग हात जोडून मलाही नमस्कार केला.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी प्रयोगशाळा आहे. डाळिंबावर, द्राक्षांवर फवारलेल्या औषधाचा अंश उरलाय का, ते आम्ही तपासून देतो. तिथली प्रमुख म्हणून मी रुजू झाले त्याच दिवशी मालकांनी मला एक काम लावलं. नवा पंप घेतलाय, तो बटण दाबलं की स्वतःची तपासणी स्वतः करतो. मग त्या तपासणीसाठी ठेवलेल्या बासष्ट वर्षांच्या तात्यांची मुदत वाढवायची का, हे महिनाभर बघून सांगा. थोडक्यात, तात्या पंप तपासणार आणि मी तात्यांना तपासणार.

पंप म्हटल्यावर विहिरीवरचा डोळ्यांसमोर आणू नका. हा टेबलावर मावतो आणि मिनिटाला एक मिलिलिटर, म्हणजे मोजून वीसेक थेंब द्रावण बारीक नळीतून पुढे ढकलतो. पुढे एक नळकांडं असतं. त्यातून प्रत्येक औषध आपापल्या ठरलेल्या वेळी बाहेर पडतं, आलेखात त्याचं टोक उठतं आणि वेळेवरूनच आम्ही त्याला ओळखतो. पंप जरा रेंगाळला की वेळा चुकतात, भलत्याच्या जागी भलतंच उभं राहतं आणि काही न केलेल्या माणसाचा माल नापास होतो.

तात्यांचा नवीन पंपाच्या बटणावर काडीचा विश्वास नव्हता. बटण दाबून हिरवी खूण आली की ते तिच्याकडे, पोराने स्वतःच स्वतःला दिलेले मार्क बघावेत तसे बघायचे. मग त्यांची तपासणी सुरू व्हायची. दहा मिलिलिटरचा काचेचा चंबू नळीखाली धरायचा आणि स्टॉपवॉच दाबायचं. बरोबर दहा मिनिटांत द्रावण चंबूच्या मानेवरच्या रेघेला टेकलं पाहिजे. ती दहा मिनिटं खोलीत कुणी यायचं नाही. एकदा खुद्द मालक दाराबाहेर थांबले होते, आणि तात्यांनी आतून काचेवर बोटं पसरून दाखवली, अजून चार मिनिटं.

त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असायचा. पिंपळीच्या गुरांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेला. कधी काळी त्याने म्हशींची पोटं ऐकली होती, आता तो पंपाला लागायचा. तात्या डोळे मिटून, एक बोट पंपाच्या डोक्यावर ठेवून ऐकत बसायचे आणि शेवटी मान डोलवायचे. मी विचारलं, काय ऐकता? म्हणजे लिहून विचारलं. म्हणाले, "नाडी."

त्यांचं सगळ्यात मोठं वैर बुडबुड्याशी होतं. नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला की दिवसभर जेवण गोड लागायचं नाही. "बुडबुडा म्हंजी पोत्यात शिरलेला उंदीर," ते सांगायचे, "दिसत न्हाय, पण पोतं रिकामं करतोय." आणि गळतीवर त्यांचं एकच औषध होतं. "शेवट बंद करा. मग कळतंय कुठं गळतंय." नळीच्या टोकाला बूच बसवायचं, दाब चढवायचा आणि दाब उतरतोय का ते बघत बसायचं. हे त्यांनी पंपापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. पण भाचीच्या लग्नात त्यांनी सरबताच्या पिंपाच्या तोटीला बूच मारलं, आणि मांडवभर माणसं रिकामे ग्लास घेऊन उभी असताना पिंपाभोवती बॅटरी घेऊन फिरले. गळती मात्र सापडली, हे त्यांचे शत्रूही कबूल करतात.

फोन ते घ्यायचे नाहीत. फोन म्हणजे तोंडी कारभार. जेवायला भिंतीला पाठ लावून बसायचे, सगळे समोर दिसतील असे. विनोद झाला की आमचं हसून होत आलं असताना ते हसायला लागायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा मुरलेला आहे, तोलून हसतो. एवढ्या खुणा समोर असून मला काही दिसलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात कळंबच्या एका शेतकऱ्याची डाळिंबं तपासायला आली. आलेखात बंदी असलेल्या औषधाच्या जागी स्पष्ट टोक उभं. सकाळी पंपाने स्वतःला पास केलेलं, तात्यांच्या चंबूनेही. मी नापासाचा अहवाल तयार करून पेन उघडलं. तात्या पंपापाशी होते. बोट डोक्यावर, नळ्या कानात.

"सही करू नका," ते म्हणाले. "नाडी चुकतीय."

मी बटण दाबलं. हिरवी खूण. तात्यांनी चंबू लावला. दहा मिनिटं झाली, द्रावण रेघेला टेकलं नव्हतं. ते टेकायला आणखी वीस सेकंद लागली. त्यांनी पंपाची द्रावण आत घेणारी झडप उघडली, तर तिच्यात मिठाचा खडा अडकलेला, मोहरीच्या पावपट. तो कधी अडवायचा, कधी वाट द्यायचा. झडप धुऊन डाळिंबं पुन्हा लावली. टोक आपल्या जागी सरकलं. ते एक साधं, परवानगी असलेलं औषध होतं, तेही मर्यादेत. त्या शेतकऱ्याचं अख्खं वर्ष आपण वीस सेकंदांनी बुडवणार होतो. मी नापासाचा अहवाल फाडून टाकला.

मग मला कुतूहल वाटलं की ती चुकलेली नाडी ऐकू कशी येते. तात्या मोरीपाशी चंबू धूत होते. मी टेबलावरचा स्टेथोस्कोप कानांना लावून पंपावर टेकवला. काहीच नाही. माझ्याच छातीवर टेकवला, तिथेही काही नाही. उलटून बघितलं तर त्याचा पडदा कधीच फाटला होता आणि वर खाकी चिकटपट्टी लावलेली होती. नळीलाही भेगा. त्यातून कुणालाच काही ऐकू आलं नसतं.

मी तात्यांच्या पाठीमागे उभी राहिले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "तात्या, तुमच्या शर्टावर पाल चढलीय." तात्या शांतपणे चंबू निथळत राहिले.

वळल्यावर त्यांना माझ्या हातात स्टेथोस्कोप दिसला. दुसऱ्या दिवशी तात्या कामावर आले नाहीत. असं याआधी कधी झालं नव्हतं म्हणे.

मी मालकांना सगळं सांगितलं, कानांसकट. लपवलं असतं तर बटणात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? त्यांनी एकच विचारलं, डाळिंबांचं तात्यांनी सांगितलेलं बरोबर निघालं ना? मी हो म्हटलं आणि दुपारी पिंपळीला, तात्यांच्या घरी गेले.

तात्या ओसरीवर बसले होते. शेजारी काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, मेथी निवडत अखंड बोलत होत्या. मला बघून तात्यांनी सवयीने वही पुढे केली. मी लिहिलं, "मुदत वाढली. मालकांना सगळं ठाऊक आहे. उद्या नऊला या." त्यांनी दोनदा वाचलं. खाली "पोचला" असा शेरा मारून सही केली.

मग ते आपणहून बोलायला लागले. तीस वर्षं एका साखर कारखान्यात मिलच्या पंपांवर काढली, त्या घोंगाटात कान हळूहळू गेले. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते लावलं की पुन्हा मिल सुरू झाल्यासारखं वाटायचं, म्हणून डब्यात पडलंय. "नोकरी गेली आसती तर दिसभर हितं बसायचं, म्याडम. तितं पंप बोटाशी तरी बोलतोय." आणि काकूंकडे बघून म्हणाले, "ही तासभर बोलती आन चिठ्ठीत दोन शब्द लिवती. चहा घ्या. लाईट गेली. बाकीचं कुठं गळतं, त्ये मला घावलं न्हाय."

काकू ओशाळल्या. "तिसरी शिकल्याली मी. किती लिवणार, पोरी? आन लिवण्यासारखं आसतंय तरी काय?"

मी तात्यांची वही मांडीवर घेतली. काकूंना म्हटलं, तुम्ही बोला, नेहमीसारखं. तात्यांना काय चाललंय ते उमगलं असावं, कारण त्यांचा हात आपसूक खिशात गेला आणि त्यांनी स्टॉपवॉच दाबलं. काकू आधी अडखळल्या, मग सुटल्या. शेजारणीच्या गाईला कालवड झाली आणि शेजारीण तिला पेढा भरवायला निघाली होती. शेवग्याला यंदा शेंगा कमी. ह्यांनी काल भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि मी गुमान खाल्ली. काल कामावर कायतरी झालं, ह्यांनी सांगितलं न्हाय, पण झोपेत बोटं हलवत होते, म्हणून मी हातात हात घेऊन पडले. मी जे ऐकलं ते सगळं लिहीत गेले. दहा मिनिटांत चार पानं झाली.

तात्यांनी चष्मा लावला. पेढ्यापाशी आले आणि मोठ्याने हसले. त्यांना सगळ्यांच्या आधी हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. शेवटच्या पानावर मात्र हातात हात घेतल्याच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन, रोज पंपाच्या नोंदीखाली लिहितात तसं, खाली लिहिलं: "वेळ दहा मिनिटं. गळती नाही." सही केली, आणि वही काकूंच्या मांडीवरच्या मेथीत ठेवली.