मास्तरांचे पळायचे बूट

"उद्यापासून मीही पळणार," चहाचा कप खाली ठेवत टेलर मास्तरांनी जाहीर केलं.

"कोणापासून?" त्यांच्या बायकोने विचारलं. ती मुलीच्या सामानाची यादी करत बसली होती आणि तिने मानसुद्धा वर केली नाही.

"कोणापासून म्हणजे काय? व्यायाम म्हणून. सकाळी तलावाला चक्कर मारायची. ही मारते तशी."

ही म्हणजे त्यांची मुलगी. तिच्या हातातलं बिस्कीट कपातच राहिलं आणि विरघळून तळाशी गेलं. मास्तरांना वाटलं, पोरगी कौतुकाने थक्क झाली.

मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि पंधरा दिवसांनी ती जाणार होती. दिवसभर ती जुन्या ऑफिसातली कामं उरकत असे, संध्याकाळी मैत्रिणी तिला सोडत नसत, आणि घरात असली की आई यादी घेऊन मागे लागलेली असे. तिचा स्वतःचा असा एकच तास उरला होता, सकाळचा. त्या तासात ती बूट घालून तलावाकडे पळायला जायची. मास्तरांना तो तास हवा होता. पोरगी जाणार हे त्यांना सोसवत नव्हतं, पण तसं तोंडाने बोलायची त्यांना कधी सवयच नव्हती. ते नुसते उठायचे आणि पुढच्या खोलीतल्या दुकानात मशीनवर जाऊन बसायचे.

मशीनवर बसलं की मास्तरांची तंद्री लागे. पाय पायडलवर, हात कापडावर आणि स्वारी तलावाकाठी. पाण्यावर पांढरं धुकं आहे, बापलेक शेजारी शेजारी पळताहेत, ती काहीतरी सांगतेय आणि आपण "हं, हं" करतोय. या चित्रात मास्तरांना धाप लागत नसे आणि पोटही बरंच आत गेलेलं असे. अशाच एका तंद्रीत त्यांनी मागच्या आठवड्यात एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. गिऱ्हाईक डावखुरं निघालं म्हणून निभावलं.

"बाबा, उठलं आणि पळालं, असं होत नाही," मुलगी घाईघाईने म्हणाली. "नीट बूट लागतात. नाहीतर गुडघे जातात. आधी बूट बघा, मग या."

हे बोलून ती निर्धास्त झाली. बापाच्या मनात एखादी गोष्ट येणं आणि ती हातून होणं, यात किती काळ जातो हे ती लहानपणापासून बघत आली होती. दुकानाची पाटी रंगवायची असं मास्तर ती पहिलीत होती तेव्हापासून म्हणत होते. बुटांच्या विचारात पंधरा दिवस सहज निघून जातील, असा तिचा हिशेब होता.

पण त्याच दिवशी भर दुपारी मास्तर दुकानाला कडी लावून बुटांच्या दुकानात हजर झाले.

तिथली विक्रेती मोठ्या चष्म्याची एक तरुण मुलगी होती आणि आपल्या कामात तरबेज होती. तिने मास्तरांना बसवलं आणि विचारलं, "काका, पळणार कशावर?"

"तलावाकाठी," मास्तर म्हणाले. "धुकं असतं तिथे."

"धुक्यावर नाही हो पळत कोणी. खाली काय आहे? डांबर, माती, गवत?"

"गवत असेल. मी खाली बघितलं नाही."

चष्मेवालीने एक मोठा श्वास घेतला. "बरं. खरं म्हणजे तुम्ही संध्याकाळी यायला हवं होतं. दिवसभरात पाय थोडा फुगतो. आणि मोजे कुठेत? ज्या मोज्यांत पळणार तेच घालून बूट बघायचा. दिसायला कसा आहे ते सोडा, टाच घट्ट धरतोय का बघा, आणि पुढे अंगठाभर जागा हवी."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं मास्तरांच्या कानावर पडलं. तोवर ते मनातल्या तलावाला दोन चकरा मारून आले होते. तिने मापाची पट्टी काढताच ते जागे झाले आणि गळ्यातली टेप त्यांनी सर्रकन ओढली.

"मापाचं तुम्ही मला नका सांगू. तीस वर्षं माणसं मोजतोय." त्यांनी स्वतःचं पाऊल स्वतः मोजलं. "हे घ्या. आणि यात एक इंच माया धरा."

"माया?"

"शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवतो ना, ते. उद्या माणूस वाढला तर उसवून सोडता येतं."

"काका, तुमचा पाय आता काही वाढत नाही. आणि अंगठाभर जागा मी धरलीय आधीच."

"ती तुमची. ही माझी."

चष्मेवालीने परोपरीने समजावलं, पण मापाच्या बाबतीत मास्तर ब्रह्मदेवाचंही ऐकणारे नव्हते. शेवटी तिने त्यांना हवे तेवढे मोठे बूट काढून दिले. आकाशी रंगाचे होते. मास्तर ते घालून दुकानात फिरले. आधी पाय निघे, मग जरा वेळाने बूट निघे.

"काका, टाच उचलतेय."

"उडतेय," मास्तर हरखून म्हणाले.

"घरातल्या घरात घालून बघा," तिने पिशवी देताना बजावलं. "नाही बसले तर बदलून देईन. फक्त बाहेर घालू नका, आणि त्यांना काही करू नका."

शेवटचं वाक्य आपण का बोललो, हे तिचं तिलाही कळलं नाही.

घरी मुलीने बुटाचं टोक दाबलं. बोट पार आत गेलं. "बाबा, यात तुमच्याबरोबर माझाही पाय मावेल!"

"बरंच झालं की," मास्तरांची बायको म्हणाली. "एकाच जोडीत दोघं पळा."

"बदलून आणा, बाबा. आणि तोवर मुळीच येऊ नका. गुडघे जातील," मुलगी म्हणाली, आणि तिचा चेहरा चांगला खुलला.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बूट उचलून परत गेला असता. पण मास्तर पडले टेलर. कपडा अंगाला बसत नाही म्हणून गावचे लोक ज्यांच्याकडे येतात, त्यांनीच फिटिंगची तक्रार घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं? त्या चष्म्यासमोर? त्यांनी उसवायची पाती घेतली आणि उजव्या बुटाची टाच उसवली.

जाड सुईने त्यांनी दोन्ही बाजूंना एकेक टक्स घेतला. बूट इतका आवळला की पाय आत जाईना. मग त्यांनी टक्स उसवले आणि आतून अस्तर लावलं. अस्तराला चुण्या पडल्या. चुण्या काढायला पुन्हा उसवलं, तेव्हा टाचेचा मूळचा फोम हातात आला. तोवर डाव्या बुटाला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून मास्तरांनी त्याचंही सगळं असंच केलं. दोन संध्याकाळी यात गेल्या. "बदलले का बूट?" असं मुलगी जाता-येता विचारी आणि मास्तर आतून ओरडत, "काम चालू आहे!"

तिसऱ्या संध्याकाळी समोर दोन पोकळ टाचा होत्या आणि त्यांत भरायला काहीतरी मऊ, भरीव, आकाराला गोल असं हवं होतं. तसं दुकानात एकच होतं. वकीलसाहेबांच्या नव्या कोटाचे खांद्याचे पॅड. कोट परवाच द्यायचा होता, पण पोरगी जायला फक्त बारा सकाळी उरल्या होत्या. मास्तरांनी कोटाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि पॅड उचलून कच्च्या टाक्याने टाचांत बसवले.

बूट घालून ते उभे राहिले आणि काय सांगावं! कापसावर उभं राहिल्यासारखं वाटत होतं. ते दोन बोटं उंच झाले होते. दुकानभर ते अलगद तरंगत फिरले, आणि आरशातल्या स्वतःकडे बघून त्यांनी "हं, हं" असं दोनदा म्हणूनही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी बाहेर पडली आणि पाच मिनिटांनी मास्तर निघाले. तिला मागून गाठायचं आणि चकित करायचं, असा बेत होता. तलाव अगदी त्यांच्या मनातल्यासारखा होता. पाण्यावर धुकं होतं, आभाळ नुकतं उजळत होतं आणि सगळीकडे शांत होतं. फक्त गवतावर दव पडतं, हे त्यांच्या मनातल्या तलावात कधी नव्हतं. तीसेक पावलांत पॅड चिंब भिजले. बूट पचाक पचाक बोलायला लागले. शंभराव्या पावलाला कच्चा टाका सुटला आणि डाव्या पायाचा पॅड मागून डोकावू लागला.

"कोण, मास्तर?" धुक्यातून आवाज आला. छडी फिरवत वकीलसाहेब फेरफटका मारत होते. मास्तरांचे धाबे दणाणले. त्यांनी वेग वाढवला. पण ते पळत होते आणि वकीलसाहेब चालत होते, तरी दोघं बरोबरीनेच होते.

"मास्तर, माझा कोट झाला का?"

"होत आलाय, साहेब. खांद्यांचं काम चालू आहे."

हे खोटं नव्हतं. एक खांदा त्याच वेळी बुटातून पुरता बाहेर आला होता.

"उद्या कोर्टात घालायचाय हो. आणि तुमच्या पायातून हे काय लोंबतंय?"

"अस्तर," मास्तर म्हणाले, आणि पंपघराच्या मागे जाणारी पायवाट दिसताच तिकडे वळले. त्या बाजूला कधी कोणी जात नसे. झुडपातून वाट काढत, एका पायाने उंच आणि एका पायाने ठेंगणे असे ते पाण्याच्या कडेला आले, आणि जागच्या जागी थांबले.

तिथे एक बाक होता. बाकावर त्यांची मुलगी मांडी घालून बसली होती. बूट काढून शेजारी ठेवलेले होते, मांडीवर बिस्किटांचा पुडा होता, आणि ती पाण्याकडे बघत होती.

"बाबा!"

"तू पळत नाहीस?"

"पहिले दोन दिवस पळाले," मुलगी अपराधी आवाजात म्हणाली. "जमेना. मग इथे येऊन बसायला लागले. आईला सांगू नका हं. तिने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी रोज पाच किलोमीटर पळते म्हणून."

"म्हणून मला बुटांच्या मागे लावलंस होय?"

तिने मान डोलावली. मग तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. मास्तरांनी सगळी हकिकत सांगितली, टक्सपासून वकीलसाहेबांच्या खांद्यापर्यंत. ती हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि मग हसू थांबलं तरी डोळे वाहतच राहिले.

"मला भीती वाटते, बाबा. तिथे कोणीच ओळखीचं नाही. आई दिवसभर यादी करते आणि तुम्ही उठून मशीनवर जाऊन बसता. मला वाटलं, तुम्हाला काही वाटतच नाही."

मास्तरांना नेहमीप्रमाणे उठून मशीनवर जावंसं वाटलं. पण मशीन लांब होती आणि बूट फाटले होते. ते बाकावर बसले.

"मला कसलं पळायचंय," ते म्हणाले. "मला तुझ्याबरोबर यायचं होतं. तू जाणार म्हणून जीव नुसता कासावीस होतो. सांगता येत नाही म्हणून बूट आणले."

मुलीने पुडा पुढे केला. मास्तरांनी एक बिस्कीट घेतलं. धुकं हळूहळू वर चढत होतं आणि पलीकडचा काठ थोडा थोडा दिसू लागला होता.

पॅड इस्त्रीने वाळवून कोट वेळेवर दिला गेला. वकीलसाहेब फक्त एवढंच म्हणाले, की खांद्यांना कसला तरी गारवा लागतोय.

त्या दिवसापासून बापलेक रोज पहाटे पळायचे कपडे घालून निघत आणि पंपघरामागच्या बाकावर येऊन बसत. मास्तर जुन्या चपला घालत. घरी परतताना दोघं तलावाचं पाणी तोंडावर मारून घेत, आणि दारात उभी असलेली आई कौतुकाने पंखा लावत असे. तिने आता शेजारणींना बापाचे किलोमीटरही सांगायला सुरुवात केली होती.

शेवटच्या सकाळी मुलगी खूप बोलत होती. तिथली खोली कशी असेल, खिडकी कुठे असेल, पहिल्या दिवशी ऑफिसात काय घालायचं. मास्तर "हं, हं" करत होते. मध्येच ते उठून उभे राहिले.

"चल, एकदा तरी पळू. नाहीतर आपण अगदीच खोटारडे ठरू."

"चपलांत?"

मास्तरांनी चपला काढल्या. तिनेही बूट बाकाखालीच ठेवले. दोघं गवतावरून अनवाणी पळू लागले. पाण्यावर धुकं होतं, बापलेक शेजारी शेजारी होते, आणि ती बोलत होती. हे सगळं चाळीस पावलं टिकलं. मग मास्तरांची धाप इतकी वाढली की त्यांना कमरेवर हात ठेवून थांबावं लागलं.

मुलीला ते कळलंच नाही. ती पळत राहिली आणि बोलत राहिली. मान जराशी शेजारी वळवून, हात हलवत, मध्ये थांबून "हो ना?" असं विचारत ती पुढे पुढे गेली. तिचा आवाज बारीक होत गेला, मग ऐकूच येईना, मग तीही धुक्यात दिसेनाशी झाली. मास्तर तिथेच उभे राहिले. उद्यापासून असंच, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना खूप वाईट वाटलं.

थोड्या वेळाने गवतावर पावलं वाजली. मुलगी लालबुंद होऊन परत आली होती.

"बाबा! मी एकटीच बडबडत तिकडे पार वळणापर्यंत गेले! तुम्ही निम्मं ऐकलंच नाही!"

"नाही ना," मास्तर धापा टाकत म्हणाले. "खोलीपर्यंतच ऐकलं."

"शी! आता सगळं पुन्हा सांगावं लागणार."

"पहिल्यापासून सांग," मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्या दंडाला धरलं आणि दोघं चालत निघाले. तिने खोलीपासून पुन्हा सुरुवात केली.