गरम पिशवी, ओलं फडकं

किल्ली फिरवून फिरवून घड्याळजीच्या बोटाला घट्टा पडायची वेळ आली, पण गाडी काही बोलायला तयार नाही. खर्र खर्र करायची, एकदा शिंकायची आणि लग्नात रुसून बसलेल्या आत्यासारखी गप्प व्हायची.

"अहो, आत या आता. समोरचे गॅलरीत खुर्च्या टाकून बसलेत तुम्हाला बघायला," बायको दारातून म्हणाली.

"बसू देत. तू तिकिटं लाव."

गाडी होती सासऱ्यांची. सासऱ्यांना सगळं जग अण्णा म्हणायचं. जुनी, पिस्ता रंगाची, बटाट्यासारख्या डोळ्यांची गाडी; तिच्या वयाच्या बाकीच्या केव्हाच भंगारात गेलेल्या. अण्णांनी जेवढा जीव हिला लावला तेवढा आम्हा दोघींना मिळून लावला नाही, असं त्यांच्या मुलीच म्हणायच्या. आता अण्णांचा गुडघा क्लच दाबायला नको म्हणायला लागला, तेव्हा त्यांनी ती धाकट्या जावयाच्या दारात आणून लावली. अण्णांचा स्वभाव असा, की सांगणार अर्धं आणि रागावणार पूर्ण.

"जावईबापू, महिनाभर ठेवा. लागेल ते सगळं डिकीत आहे. आतला एक स्क्रू हलवायचा नाही. महिन्यानं मी येऊन स्वतः सुरू करून बघणार. होती तशी असली तर गाडी तुमची. नाहीतर थोरल्याकडे जाईल. त्याच्याकडे शटरचं गॅरेज आहे."

थोरला म्हणजे घड्याळजीचा साडू. बांधकामाचा ठेकेदार. त्याचं सगळंच मोठं. घर मोठं, पोट मोठं, आवाज तर त्याहून मोठा. कुठल्याही कार्यात भेटला की घड्याळजीच्या पाठीत एक थाप घालायचा आणि विचारायचा, "काय मग, किती वाजले?" मग स्वतःच हसायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, साडूकडे नाही अशी एक वस्तू घड्याळजीच्या दारात उभी होती. ती घालवायची म्हणजे उरलेलं आयुष्य किती वाजले ते सांगत बसायचं.

डिकीत काय होतं? एक रबरी गरम पाण्याची पिशवी, एक जुनं फडकं आणि पाण्याची बाटली.

"अण्णांची पाठ धरते ना चालवताना, म्हणून असेल पिशवी," असं म्हणून बायकोनं ती कपाटात टाकली. फडकं ओट्यावर गेलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी थंड असली की सुरू व्हायची नाही. उतारावरून ढकलली की कशीबशी धरायची, कोपऱ्यापर्यंत जायची, जरा गरम झाली की काळा धूर सोडून बंद. मग ती परत ढकलून आणायची. ढकलायला गल्लीतली माणसं पहिल्या दिवशी हौसेनं आली, दुसऱ्या दिवशी लाजेखातर आली आणि तिसऱ्या दिवशी घड्याळजी दिसला की लोक दारं लावून घ्यायला लागले.

शेवटी गॅरेजचा मिस्त्री आला. त्यानं प्लग बदलले, पेट्रोलची नळी फुंकली, कार्बोरेटर धुतला. मग बॉनेटवर हात टेकून सुतक असल्यासारखा उभा राहिला.

"साहेब, माझी अक्कल संपली. ही थंड असली की समजते मी गरम आहे. गरम झाली की समजते मी गारठलेय."

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत? मी तुम्हालाच विचारतोय."

घड्याळजी विचारात पडला. थंड इंजिनाला सकाळी हवा थोडी कमी द्यावी लागते, तरच ते धरतं. त्यासाठी कार्बोरेटरच्या तोंडाशी एक पातं असतं, तोच चोक. इंजिन तापलं की बाजूच्या गोल डबड्यातली स्प्रिंग फिरते आणि पातं आपोआप उघडतं. एवढं मिस्त्रीनं समजावलं आणि स्प्रिंग हा शब्द ऐकून घड्याळजीचे कान टवकारले. स्प्रिंग म्हटलं की तो स्वतःच्या लग्नातूनही उठून आला असता. त्यानं दुकानातला बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला, डोळ्याला भिंग लावलं आणि डबडं उघडलं.

"मिस्त्री, ही उलटी गुंडाळलीय! गरम झाली की पातं मिटतंय. गार झाली की उघडतंय."

मिस्त्रीनं वाकून पाहिलं. "हे हिचं डबडंच नाही. दुसऱ्याच कुठल्या गाडीचं आहे. भोकं जुळली म्हणून कुणीतरी बसवून दिलंय. कुणी केलं हे?"

"कुणी का करेना. बरोबर मिळेल का?"

मिळालं. मिस्त्रीनं भंगारवाल्यांच्या बोकांडी बसून चारेक दिवसांत खरं डबडं शोधून आणलं. बसवलं. किल्ली लावली, अर्धी फिरवली, आणि गाडी मांजरीसारखी गुरगुरायला लागली. गल्लीला तीन फेऱ्या झाल्या. धूर नाही, शिंक नाही.

"पण अण्णा म्हणाले होते एक स्क्रू हलवायचा नाही," बायको म्हणाली.

"ते काय डबडं उघडून स्प्रिंग बघणार आहेत का?"

जुनं डबडं फेकायला निघालेल्या नवऱ्याच्या हातातून तिनं काढून घेतलं. छान खोलगट होतं. तिनं त्यात भांड्याची घासणी ठेवली.

ठरल्या रविवारी अण्णा आले. मागोमाग साडू आला. तो गाडीवर घालायचं नवंकोरं कव्हर काखेत मारूनच आला होता.

"काय मग, किती वाजले?" पाठीत थाप.

"तुमचे वाजतील आता," घड्याळजी म्हणाला. आज त्याच्या अंगात बळ होतं.

अण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आरशावर बोट फिरवलं आणि लेकीला म्हणाले, "पिशवी कुठंय? पाणी तापव. चांगलं कढत."

"पाठ दुखतेय का अण्णा?"

"पाठीचं काय घेऊन बसलीस? आण लवकर."

पिशवी आली. अण्णांनी बॉनेट उघडलं, पिशवी मायेनं त्या गोल डबड्यावर ठेवली आणि तापल्या पोराच्या उशाशी बसावं तसे शेजारी उभे राहिले. घड्याळजीला काही कळेना. त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं साडूकडे. साडूनं कव्हरची दोरी सोडायला घेतली.

"फिरवा किल्ली," अण्णा म्हणाले.

खर्र खर्र. शिंक. गप्प.

"पाणी कोमट आहे गं! आणखी तापव."

आणखी तापवलं. खर्र खर्र. शिंकसुद्धा नाही.

"अण्णा, जरा पिशवी काढून बघू का? सकाळी एका झटक्यात सुरू झाली होती."

"पिशवीशिवाय?" अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही तो चपलांशिवाय चंद्रावर जाऊन आला म्हणाला. पण घड्याळजीनं पिशवी उचलली, डबडं निवेपर्यंत थांबला आणि किल्ली फिरवली. गाडी लागलीच गुरगुरली. त्याच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात अण्णा ओरडले, "फडकं! ओलं फडकं आणा! गाडी तापायच्या आत!"

बायकोनं ओट्यावरचं फडकं नळाखाली धरून आणलं. अण्णांनी ते गारेगार फडकं डबड्याभोवती पगडीसारखं बांधलं. गाडी मिनिटभर चालली, मग अडखळली, मग तिनं एवढा काळा धूर सोडला की समोरच्या गॅलरीतल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. आणि बंद.

अण्णा मटकन पायरीवर बसले. "महिन्याभरात वाट लावलीत. इतकी वर्षं माझ्या हाताखाली एकदा अशी वागली नाही. थोरले, कव्हर आणलंयत ना?"

"आणलंय की अण्णा. मापाचं आहे."

घड्याळजी धुरात उभा होता आणि त्याच्या डोक्यात चाकं उलटसुलट फिरत होती. थंड गाडीला पिशवी. गरम गाडीला ओलं फडकं. सरळ स्प्रिंगला दोन्ही उलटंच. मग सुलटं कुणाला? आणि मग त्याला सगळं लख्ख दिसलं. उलट्या स्प्रिंगला! म्हणजे अण्णांनी ते भलतंच डबडं बसवून घेतलं, गाडी चालेना, म्हणून पिशवीची युक्ती काढली, मग फडक्याची, आणि इतकी वर्षं त्यांना वाटत आलं की हिचा स्वभावच असा. आता गाडी बरोबर होती आणि अण्णा चुकत होते. हे त्यांच्या तोंडावर सांगायचं म्हणजे एक स्क्रू नाही, तीन हलवल्याचं सांगायचं.

तो बायकोच्या कानाशी लागला. "यांना आत ने. चहा दे. सावकाश उकळ. आणि ते जुनं डबडं कुठंय?"

"घासणीखाली. का हो?"

"नंतर सांगतो. आधी घासणी बाहेर काढ."

आत साडू अण्णांना आपल्या गॅरेजची फरशी कशी आहे ते मोठ्यानं सांगत होता, आणि बाहेर घड्याळजी साबणाचा वास येणारं डबडं पुसत होता. तीन स्क्रू काढले, तीन बसवले. खरं, चकचकीत डबडं खिशात टाकलं.

"अण्णा, एकदा शेवटचं बघता का? मघाशी बहुतेक पिशवी जरा तिरकी बसली होती."

"तिरकी?" अण्णा उठलेच. "मग आधी बोलायचं ना!"

पिशवी सरळ ठेवली गेली. किल्ली फिरली. गाडी पहिल्या दमात गुरगुरली. ओलं फडकं बांधलं गेलं. ना धूर, ना शिंक. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चला, चक्कर मारू. जावईबापू, तुम्ही चालवा. थोरले, बाटली घेऊन मागे बसा."

चौकाचौकात गाडी थांबायची, आणि मोठ्या पोटाचा ठेकेदार बाटली घेऊन उतरायचा, बॉनेट उघडायचा, फडकं भिजवायचा आणि परत घामाघूम होऊन बसायचा. मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. घड्याळजी आरशात बघून विचारायचा, "काय साडूभाऊ, किती वाजले?"

परत आल्यावर अण्णांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "गाडी तुमची. तुम्हाला हिचा स्वभाव कळला. मात्र पिशवी ठेवणं एकट्यादुकट्याचं काम नाही, तिरकी बसते. तेव्हा रोज सकाळी मी येत जाईन."

"रोज?"

"रोज. साडेसहाला. पाणी तापवून ठेवा."

साडूनं कव्हर घडी घालून काखेत मारलं. जाताना त्याचा चेहरा भलताच प्रसन्न दिसत होता.

तेव्हापासून साडेसहाला बेल वाजते. घड्याळजी लुंगी सावरत किल्ली फिरवतो, अण्णा पिशवी धरतात, बायको दुसऱ्या गॅसवर पाणी चढवते. आणि सातला साडूचा फोन येतो: "काय मग, किती वाजले?"

खरं डबडं आता दुकानाच्या काउंटरवर असतं. पावत्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेलं. परवा एका गिऱ्हाइकानं ते उचलून निरखून पाहिलं.

"हे काय, बिघडलंय का?"

"छे," घड्याळजी म्हणाला. "एकदम बरोबर आहे. म्हणून तर गाडीत चालत नाही."